वीज वितरण जाळ्याचा दीर्घकालीन मालमत्ता आराखडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आराखडा तयार करणारे अभियंते, लेखा विभाग आणि उपकेंद्रांवर काम करणारी माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. आमच्याकडे देखभालीचे वार्षिक वेळापत्रक आहे. मग मालमत्ता आराखडा वेगळा कशाला?

वेळापत्रक सांगते की या महिन्यात कोणत्या रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) ब्रीदर, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी करणारी डबी, बघायचा. ते रोहित्र अजून किती वर्षे ठेवायचे, त्याच्यावर आणखी खर्च करण्यात अर्थ आहे का, आणि ते गेले तर कोणाची वीज किती तास जाईल, हे आराखडा सांगतो. चार गोष्टी त्यात असाव्याच लागतात : काय काय आहे, ते कोणत्या अवस्थेत आहे, पुढे त्याच्यावर किती भार येणार आहे, आणि कोणते काम कोणत्या वर्षी का करायचे. यातला ‘का’ गळाला की उरते ती खरेदीची यादी.

2. आराखडा किती वर्षांचा असावा?

दहा वर्षे सोयीची पडतात. न्यूझीलंडमध्ये वितरण कंपन्यांना दहा वर्षांचा आराखडा प्रसिद्ध करणे नियमानेच बंधनकारक आहे. आयएसओ 55001 हे मानक (पहिली आवृत्ती 2014, सुधारित 2024) वर्षांचा आकडा ठरवून देत नाही. ते फक्त निर्णयाची पद्धत आणि जबाबदाऱ्या मागते.

दहाही वर्षे एकाच बारकाईने लिहू नयेत. पहिल्या दोन वर्षांत कामे नावानिशी असावीत : अमुक उपकेंद्र, अमुक ब्रेकर (दोष आला की पुरवठा तोडणारा स्विच). तिसऱ्या ते पाचव्या वर्षात कार्यक्रम पुरे, उदाहरणार्थ ‘दरवर्षी इतके खांब’. त्यापुढे गटवार संख्या आणि रक्कम. नवव्या वर्षातल्या केबलचा मार्ग मीटरमध्ये लिहिणारा आराखडा पाहिला की तो कोणी मनावर घेतलेला नाही हे कळते.

3. आमची मालमत्ता नोंदवही अर्धवट आहे. ती पूर्ण होईपर्यंत थांबावे का?

थांबू नये. ती कधीच पूर्ण होत नसते. पण एक चूक सुरुवातीलाच टाळावी : जागेचा क्रमांक आणि उपकरणाचा क्रमांक वेगळे ठेवा. रोहित्र जळते, दुरुस्तीला जाते आणि परत येते ते दुसऱ्याच खांबावर चढते. नोंदवहीत फक्त जागेचा क्रमांक असेल तर नव्या रोहित्राला जुन्याचे वय चिकटते, आणि दुरुस्त होऊन आलेले जुने रोहित्र नवे म्हणून नोंदले जाते. अशी काही वर्षे गेली की वयाच्या आलेखावर विसंबता येत नाही.

किमान नोंदी अशा : जागा, उपकरणाचा अनुक्रमांक, निर्मितीचे वर्ष, बसवल्याचे वर्ष, क्षमता, व्होल्टेज, कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर), शेवटची तपासणी आणि तिचा निकाल. पाटीवरचे वर्ष वाचता येत नसेल तर अंदाज लिहा, पण समोरच्या रकान्यात ‘अंदाज’ अशी खूण करा. रिकामा रकाना निदान शोध घ्यायला लावतो. अंदाज खऱ्या आकड्याच्या वेषात आला की कोणी शोधतही नाही. दुरुस्तीवर जाणाऱ्या लाइनमनकडूनच नोंद तपासून घेतली तर वेगळी मोहीम काढावी लागत नाही.

4. कोणत्या उपकरणाचे आयुष्य किती धरायचे?

नियोजनासाठी साधारणपणे असे धरतात : उपकेंद्रातील मोठे रोहित्र 40 ते 60 वर्षे, खांबावरचे वितरण रोहित्र 25 ते 40, काँक्रीटचा खांब 50 ते 60, लाकडी खांब 40 ते 50, एक्सएलपीई (प्लास्टिकच्या इन्सुलेशनची) केबल सुमारे 40, कागद आणि शिशाच्या आवरणाची जुनी केबल कोणी छेडली नाही तर 60 च्याही पुढे, संख्यात्मक रिले (दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) 15 ते 20. समुद्रकाठचा क्षार, कारखान्यांचा धूर आणि जास्त भार यांनी हे आकडे खाली येतात.

हे आकडे पैशांचा ढोबळ अंदाज काढण्यासाठी आहेत. एखादे विशिष्ट उपकरण बदलायचे की नाही हे त्यावरून ठरवू नये (प्रश्न 5). हिशेबपुस्तकातले घसाऱ्याचे आयुष्य तर आणखी निराळे. घसारा संपला म्हणून रोहित्र संपत नाही.

5. रोहित्र 40 वर्षांचे झाले. बदलायलाच हवे ना?

नाही. रोहित्राचे आयुष्य म्हणजे त्याच्या वेटोळ्यांवरच्या कागदाचे आयुष्य. तेल गाळता येते, बुशिंग आणि गॅस्केट बदलता येतात, कागद मात्र जागेवर बदलता येत नाही. साध्या कागदाला सर्वांत गरम बिंदूवर 98 अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरले, तर त्यापुढे दर 6 अंशांना झिजण्याचा वेग दुप्पट होतो. 110 अंशांवर चालणारे रोहित्र चौपट वेगाने म्हातारे होते आणि 86 अंशांवरचे चतुर्थांश वेगाने. म्हणून अर्ध्या भारावर चाललेले 45 वर्षांचे रोहित्र, रोज संध्याकाळी अतिभार सोसलेल्या 20 वर्षांच्या रोहित्रापेक्षा तरुण असू शकते.

कागदाच्या बहुलकीकरणाची मात्रा (त्याच्या रेणूसाखळ्यांची सरासरी लांबी) नव्यात 1000 च्या आसपास असते. ती 200 वर आली की कागद यांत्रिक ताण सोसत नाही. रोहित्र चालू असताना कागदाचा तुकडा काढता येत नाही, म्हणून तेलातल्या फ्युरानवरून (कागद झिजताना तेलात उतरणाऱ्या रसायनावरून) अंदाज घेतात. तेल गाळले की फ्युरानही काही प्रमाणात निघून जाते. गाळल्यानंतरचा ‘उत्तम’ अहवाल बघून रोहित्राला नवे आयुष्य बहाल करणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. गाळण्याची तारीख अहवालावरच लिहा.

6. हेल्थ इंडेक्स (उपकरणाच्या अवस्थेचा एकत्रित गुण) काढताना सर्व चाचण्यांची सरासरी घेतली तर चालेल का?

चालणार नाही. दहा चाचण्या आहेत, नऊमध्ये दहापैकी दहा गुण आणि कागदाच्या चाचणीत शून्य. सरासरी निघते नव्वद टक्के, आणि ते रोहित्र मरणपंथाला लागलेले असते. ज्या दोषावर जागेवर इलाज नाही त्याला ‘मर्यादा’ म्हणून वागवा : त्याचा गुण एका पातळीखाली गेला की एकूण गुण त्याच्यावर जाऊच द्यायचा नाही. गंजलेला रंग, गळका व्हॉल्व्ह, संपलेले सिलिका जेल हे दुरुस्तीच्या यादीत टाका. बदलीच्या गुणांकनात त्यांना फारसे वजन देऊ नका.

शिवाय प्रत्येक गुणाशेजारी माहिती किती जुनी आहे ते लिहा. सहा वर्षांपूर्वीच्या तपासणीवरचा ‘चांगले’ म्हणजे खरे तर ‘माहीत नाही’.

7. जोखीम आकड्यात कशी मांडायची?

वर्षभरात बिघडण्याची शक्यता गुणिले बिघडल्याचा परिणाम. एक कल्पित जोडी घ्या. पहिले रोहित्र वाईट अवस्थेत आहे, शक्यता 4 टक्के, 300 ग्राहक, पण तासाभरात दुसरीकडून पुरवठा देता येतो : 0.04 × 300 × 1 = 12 ग्राहक-तास. दुसरे बरे आहे, शक्यता 1 टक्का, पण 3,000 ग्राहक आणि पर्यायी मार्ग नाही, दहा तास लागतील : 0.01 × 3,000 × 10 = 300 ग्राहक-तास. बऱ्या रोहित्राची जोखीम वाईटाच्या 25 पट निघाली.

याचा अर्थ दुसरे रोहित्र बदला असाही होत नाही. तिथे पर्यायी जोडणी उभारली तर दहा तासांचे दीड तास होतील आणि जोखीम 45 वर येईल. बहुतेक वेळा हेच काम स्वस्त पडते. माणसाच्या जिवाचा धोका मात्र ग्राहक-तासांत मोजू नये. त्याचा रकाना वेगळा ठेवावा.

8. तेलातील वायूंच्या चाचणीत ॲसिटिलीन आले आहे. रोहित्र लगेच बंद करावे का?

ॲसिटिलीन हे आत ठिणगी पडल्याचे लक्षण, म्हणून ते गांभीर्यानेच घ्यावे. पण आधी तीन गोष्टी तपासा.

एक, नमुना कसा घेतला. खालच्या व्हॉल्व्हमधून लिटर-दोन लिटर तेल वाहू द्यायचे, मग काचेच्या पिचकारीत बुडबुडा न येता भरायचे, तेलाचे तापमान लिहायचे आणि नमुना उजेडापासून झाकून पाठवायचा. प्लास्टिकच्या बाटलीत दोन दिवस फिरलेल्या नमुन्यातून हायड्रोजन केव्हाच उडून गेलेला असतो.

दोन, टॅप चेंजर. चालू भारावर टॅप बदलणाऱ्या यंत्राच्या कप्प्यात ठिणगी पडणे हा त्याचा रोजचा व्यवहार आहे. त्या कप्प्याचे तेल झिरपून किंवा सामाईक कॉन्झर्व्हेटरमधून (वरच्या छोट्या तेलटाकीतून) मुख्य टाकीत आले, तर निरोगी रोहित्रातही ॲसिटिलीन दिसते.

तीन, वाढीचा वेग. स्थिर राहिलेला आकडा जुन्या घटनेची खूण असू शकतो. दुसरा नमुना लगेच घ्या, आठवड्याने तिसरा. आकडा चढत असेल, किंवा सोबत हायड्रोजनही वाढत असेल, तर रोहित्र सेवेतून काढा. इथिलीन जास्त असेल तर तेल कुठेतरी फार तापते आहे, आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत असेल तर कागदाकडे बघा.

9. खांबांची तपासणी नजरेने केली तर पुरे ना?

वरच्या भागासाठी पुरे. खांब मरतो तो बुडख्याशी. लाकडी खांबाभोवती 30 ते 45 सेंटिमीटर उकरा, हातोडीने ठोका, आवाज पोकळ आला तर बारीक छिद्र पाडून शाबूत लाकडाची जाडी मोजा. वाकण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. बाहेरून कुजून व्यास फक्त 10 टक्क्यांनी घटला, तरी ताकद 27 टक्क्यांनी गेलेली असते.

लोखंडी खांबाच्या पायाशी काँक्रीटचा कट्टा असेल तर त्याच्या वरच्या कडेला पाणी साचते का ते बघा. गंज तिथेच सुरू होतो. काँक्रीटच्या खांबावर उभी भेग आणि तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ म्हणजे आतली सळई गंजली आहे. आडव्या केसासारख्या भेगांनी घाबरू नये, त्यांची नोंद ठेवावी.

10. जमिनीखालची केबल दिसत नाही. तिची अवस्था कशी समजणार?

सर्वांत स्वस्त आणि बहुतेकांनी फेकून दिलेली माहिती म्हणजे बिघाडांची नोंद. दोष भर केबलमध्ये होता, जॉइंटमध्ये होता, की कोणी खोदताना फावडे मारले, हे वेगळे लिहा. केबलचे बरेच दोष जॉइंटमध्ये निघतात. कारणे ठरलेली : अर्धवाहक थर काढताना इन्सुलेशनवर उमटलेला चाकूचा चरा, पावसात उघडे राहिलेले टोक, नीट न दाबलेला फेरूल (तारा जोडणारी धातूची नळी). जॉइंटची तारीख, किटचा बॅच आणि जोडणाऱ्याचा संकेतांक लिहिला असेल तर दोष एका बॅचचा की एका हाताचा, हे दोन-तीन वर्षांत उघड होते.

दुरुस्तीत तुकडा घातला की एकाच्या जागी दोन जॉइंट येतात. म्हणून एकाच टप्प्यात वारंवार दोष येत असतील तर जोडत बसण्याऐवजी दोन शाबूत टोकांमधली सगळी लांबी बदलण्याचा हिशेब करा.

जुन्या एक्सएलपीई केबलवर उच्च दाबाची डीसी चाचणी टाळा. तिने इन्सुलेशनमध्ये प्रभार अडकतो आणि चाचणीत पास झालेली केबल काही दिवसांत जाते. त्याऐवजी 0.1 हर्ट्झच्या एसी दाबाची चाचणी, सोबत टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचे माप) आणि आंशिक विसर्जनाची (इन्सुलेशनमधल्या बारीक ठिणग्यांची) मोजणी करावी.

11. थर्मल कॅमेऱ्यात जोड फक्त 12 अंशांनी जास्त गरम दिसला. दुर्लक्ष करावे का?

त्या वेळी भार किती होता? सांध्याची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भार 40 टक्के असताना 12 अंश असतील तर पूर्ण भारावर (1 ÷ 0.4)² म्हणजे 6.25 पट, म्हणजे सुमारे 75 अंश. वारा आणि इतर कारणांनी प्रत्यक्षात थोडे कमी येईल, पण जोड सुटत चालला आहे हे नक्की. भार न लिहिलेला थर्मल फोटो शोभेपुरताच. भार 40 टक्क्यांखाली असताना फेरी काढूच नये.

12. भारवाढीचा दर किती धरावा?

सबंध जाळ्याला एकच दर लावू नका. दर 3 टक्के धरला तर दहा वर्षांत भार 34 टक्क्यांनी वाढतो, 5 टक्के धरला तर 63 टक्क्यांनी. या फरकात एक अख्खे उपकेंद्र बसते. फीडरनिहाय बघा आणि तीन चित्रे ठेवा : मंद, मधले, वेगवान. मोठे ग्राहक दरात मिसळू नका. ते येतात तेव्हा एकदम येतात, त्यांची वेगळी यादी ठेवा.

मूळ आकडाच तपासायला विसरू नये. फीडरचा वर्षातला कमाल भार बरेचदा शेजारचा फीडर बंद असताना त्याचा भार इकडे घेतलेल्या दिवसाचा असतो. तो दिवस वगळला नाही तर नसलेल्या भारासाठी नवी वाहिनी मंजूर होते. आणि छतावरची सौरऊर्जा वाढलेल्या भागात किमान भारही नोंदा. तिथे दुपारी वीज उलटी वाहते आणि शेवटच्या टोकाचे व्होल्टेज चढते, तर संध्याकाळचा कमाल भार मात्र जवळपास तसाच राहतो.

13. दोन रोहित्रांपैकी एक गेले तरी पुरवठा चालू राहिला पाहिजे हा निकष सगळीकडे लावायचा का?

शक्य नाही आणि गरजही नाही. 10 एमव्हीए (मेगाव्होल्ट-ॲम्पिअर) क्षमतेची दोन रोहित्रे आणि कमाल भार 13 असे उपकेंद्र घ्या. एक गेले तर दुसरे काही तास 20 टक्के अतिभार सोसते, म्हणजे 12. उरलेला 1 एमव्हीए शेजारच्या फीडरवर ढकलता येतो का ते बघा, आणि भार 12 च्या वर वर्षात किती तास असतो तेही. साठ तास असेल तर तिसऱ्या रोहित्राची घाई नाही. मात्र त्या अतिभाराने कागदावर काय होते ते प्रश्न 5 मध्ये आहे. शिवाय बिघडलेले रोहित्र यायला महिनोन्महिने लागणार असतील तर ‘काही तास’ हा आधारच निखळतो.

14. बिघडेपर्यंत वापरणे हे नियोजनात बसते का?

बसते, पण ते ठरवून केलेले असावे. खांबावरचे छोटे रोहित्र, जिथे थोडे ग्राहक आहेत आणि बदलायला चार तास लागतात, तिथे महागड्या चाचण्या करण्यात अर्थ नाही. अट एकच : साठ्यात सुटे रोहित्र हवे. किती?

समजा अशी 2,000 रोहित्रे आहेत आणि वर्षाला 1.5 टक्के जातात, म्हणजे 30. नवी खेप यायला तीन महिने लागतात. त्या काळात सरासरी 7.5 लागतील. आठ ठेवली तर दर तीनपैकी एका खेपेला साठा संपेल. 95 टक्के खात्रीसाठी 12 लागतात. बिघाड पावसाळी किंवा कडक उन्हाच्या हंगामात एकवटत असतील तर सरासरी त्या हंगामाची घ्या.

तुटली तर माणसाच्या अंगावर येणारी तार, वाटेवरची पेटी, अर्थिंग, यांना हा नियम कधीच लावू नये.

15. बदलीचे काम पाच वर्षे पुढे ढकलले तर खरेच पैसे वाचतात का?

वाचतात, पण त्याची किंमत असते. आजच्या 100 रकमेचे काम पाच वर्षांनी केले आणि भांडवलाचा दर महागाई वगळून 8 टक्के धरला, तर आजच्या मूल्यात ते 68 पडते. बचत 32. आता जोखीम : बिघाडाचा परिणाम 150 आणि दरवर्षीची वाढीव शक्यता 2 टक्के असेल तर वर्षाला 3, पाच वर्षांचे आजचे मूल्य सुमारे 12. ढकला. शक्यता 6 टक्के असेल तर तेच 36 होते. ढकलू नका.

16. आमचे निम्मे खांब एकाच काळात उभारले गेले. सगळे एकदम संपतील का?

एकदम नाही, पण लाट येईल. आधी साधा हिशेब करा. 12,000 खांब, आयुष्य 50 वर्षे, म्हणजे सरासरी वर्षाला 240 बदलायला हवेत. दरवर्षी 80 बदलत असाल तर प्रत्येक खांब 150 वर्षे टिकेल असे तुम्ही न बोलता गृहीत धरले आहे. लाट येण्याच्या आठ-दहा वर्षे आधीच सर्वांत वाईट खांबांपासून सुरुवात करून ती पसरवा. अडचण पैशांइतकीच माणसांची असते. खांब एका हंगामात विकत मिळतात, वाहिनी बंद ठेवून काम करणारी तयार टोळी मिळत नाही.

17. बिघडलेल्या रोहित्रांचे सरासरी वय 16 निघाले. मग आयुष्य 16 धरायचे का?

हा सापळा आहे. 25 वर्षांपूर्वी 1,000 बसवली, आजवर 100 गेली, त्यांचे सरासरी वय 16. पण 900 अजून चालू आहेत आणि त्यांचे आयुष्य 25 च्या पुढेच आहे. बसवून 25 वर्षे झालेल्या गटात बिघडलेल्यांचे सरासरी वय 25 च्या वर जाऊच शकत नाही. विश्लेषणात चालू असलेल्यांचाही समावेश हवा : प्रत्येक वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला किती होती आणि त्यातली किती गेली. चांगली असूनही क्षमता वाढवण्यासाठी काढलेली रोहित्रे ‘बिघडली’ म्हणून मोजू नका.

18. उपकेंद्राच्या पॅनेलचे आयुष्य 45 वर्षे आहे, पण रिलेचे सुटे भाग आताच मिळत नाहीत. काय करावे?

एका पॅनेलच्या आयुष्यात रिले दोनदा बदलावे लागणार, हे आराखड्यात पहिल्याच दिवशी लिहा. उत्पादन बंद होत असल्याची सूचना आली की शेवटची खरेदी करा, आणि बदललेल्या जागांवरचे चालू रिले सुटे भाग म्हणून जपा. सेटिंग उघडणारे सॉफ्टवेअर आणि ते चालणारा जुना संगणकही मालमत्ता समजा.

बॅटरी यात कायम विसरली जाते. तिची किंमत पॅनेलच्या मानाने किरकोळ, पण ती बसली तर ब्रेकर ट्रिप होत नाही आणि दोष वरच्या उपकेंद्रापर्यंत जाळत जातो. व्होल्टेज बघून भागत नाही, डिस्चार्ज चाचणीच करावी.

19. जुने रोहित्र काढून भंगारात देता येईल का?

तेलाची पीसीबी (पूर्वी रोहित्रांच्या तेलात वापरलेले विषारी रसायन) चाचणी झाल्याशिवाय नाही. स्टॉकहोम करारानुसार पीसीबी असलेल्या उपकरणांचा वापर 2025 पर्यंत थांबवणे आणि त्यांची सुरक्षित विल्हेवाट 2028 पर्यंत लावणे ठरले आहे. दर दशलक्ष भागांत 50 ही प्रचलित मर्यादा आहे. जुन्या काळी एकाच गाळणयंत्रातून अनेक रोहित्रांचे तेल फिरवले गेले, त्यामुळे कधीही पीसीबी न भरलेल्या रोहित्रातही ते सापडते.

20. मागितलेल्या निधीपैकी निम्माच मंजूर झाला. सगळ्या कामांना निम्मे वाटावे का?

नाही. प्रत्येक गटाला निम्मे दिले की कमी जोखमीची कामेही निम्मी होतात आणि जास्त जोखमीचीही निम्मीच. प्रश्न 7 प्रमाणे प्रत्येक कामाने दर रुपयामागे किती जोखीम कमी होते ते काढा आणि त्या क्रमाने वरून घेत जा. जिवाशी संबंधित कामे या रांगेच्या बाहेर, आधी. अर्धवट सोडल्यास निरुपयोगी ठरणारी कामे एकतर पूर्ण घ्या किंवा घेऊच नका.

गळलेल्या प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहा : वाढलेली जोखीम, तोवरचा तात्पुरता उपाय (जादा तपासणी, भार कमी करणे, सुटा भाग आणून ठेवणे) आणि पुन्हा विचार करण्याची तारीख. ते पान निधी नाकारणाऱ्याच्या सहीसाठी पाठवा.

पुढची दोन-तीन वर्षे वीज जाण्याचे सरासरी मिनिटांचे आकडे कदाचित चांगलेच दिसतील, आणि ‘बघा, कमी पैशांत भागले’ असे कोणीतरी म्हणेल. ते आकडे पाऊसपाणी आणि झाडांच्या फांद्यांबद्दल जास्त बोलतात. कागद, बुडखे आणि जॉइंट यांची झीज त्यांत उशिरा उमटते. म्हणून त्याच बैठकीत हेल्थ इंडेक्सच्या सर्वांत वाईट दोन श्रेणींतली उपकरणांची संख्या वर्षागणिक किती झाली, तो तक्ता शेजारी ठेवा.